प्रश्न विचारून झाले. आता फुंकायचं कुठे?

नागपुरात तिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, सरकारने तुमच्या फुप्फुसांची कधी चौकशी केली का? बहुतेक जण नाही म्हणतील. कागदावर मात्र ती झालेली असू शकते. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. त्याला सीबॅक म्हणतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला शुगर-बीपी. मग लक्षणं: धाप लागते का, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का, थुंकीतून रक्त पडतं का. त्यापुढे एक छोटासा भाग खास जुनाट श्वसनरोगासाठी, म्हणजे सीओपीडीसाठी आहे. स्वयंपाक कशावर होतो, लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल की गॅस? काम धुराधुळीचं आहे का, कचरा किंवा शेतातलं काडीकचाड जाळता का, वीटभट्टीवर जाता का? लागू असेल त्याला गोल करा.

गोल केल्यावर पुढे काय, ते मात्र तो फॉर्म सांगत नाही. वयाला गुण आहेत, कमरेला गुण आहेत. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला बोलावणं येतं, तिथे बीपी मोजतात, बोट टोचून साखर बघतात. चुलीच्या धुराला गुणच नाहीत. आणि समजा एखादी बाई धापेपायी दवाखान्यापर्यंत पोचलीच, तर तिथे बीपीचं यंत्र असतं, ग्लुकोमीटर असतो. ती फुंकून किती हवा किती जोराने बाहेर सोडते, ते मोजायला बहुतेक ठिकाणी काहीच नसतं. कफ सिरप मिळतं. कधी पाच दिवसांचं अँटिबायोटिकही.

मला प्रश्नावलीचं वावडं नाही. चार साधे प्रश्न विचारून जुनाट श्वसनरोगाच्या संशयितांना वेगळं काढता येत असेल, तर नागपूरसारख्या शहराने ते जरूर करावं. पण प्रश्नावलीचं काम एवढंच आहे: फुंकायला कुणाला बसवायचं ते ठरवणं. जिथे फुंकायची सोय नाही आणि त्यानंतर लागणारा औषध ओढायचा पंप नाही, तिथे ती विचारूच नये, असं माझं मत आहे. विचारली तर फार तर सरकारी पोर्टलवर एक आकडा वाढतो.

सीओपीडी या आजारात श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या झिजतात. हवा आत जाते, बाहेर पडताना अडते. हे वर्षानुवर्षं हळूहळू होतं, म्हणून माणसाला ते वयाचं वाटतं. छातीचा फोटो सुरुवातीला साफ येऊ शकतो, डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं तरी काही कळेलच असं नाही. निदान पक्कं होतं ते स्पायरोमेट्रीनेच. ही तपासणी ज्याने पाहिली नाही त्याला ती फार सोपी वाटते. नाकाला चिमटा लावतात, तोंडात पुठ्ठ्याची नळी देतात. छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळ्या जोराने सोडायचा. टेक्निशियन शेजारी उभा राहून ओरडत असतो, ‘सोडा, सोडा, सोडा, अजून, अजून, थांबू नका!’ कारण हवा सहा सेकंद तरी येत राहायला हवी, आणि साठीतल्या दमेकऱ्याला सहा सेकंद फार होतात. काही जण मधेच खोकतात, काही जण गाल फुगवून नुसती हवा तोंडातच खेळवतात, एखाद्या आजींना लाजच वाटते. तीन फुंका तरी नीट जमाव्या लागतात. मग औषध ओढायला देतात, पंधरा-वीस मिनिटं बसवतात आणि पुन्हा तेच. पहिल्या सेकंदात सुटलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली आणि औषधानंतरही कमीच राहिली, तर नळ्या अडलेल्या आहेत असं समजायचं.

एका माणसामागे अर्धा-पाऊण तास जातो. सगळ्या शहराला असं फुंकायला बसवणं अशक्य आहे. म्हणून आधी प्रश्नांची चाळणी लावायची, ही कल्पना मुळात शहाणपणाची आहे.

आजार किती मोठा आहे तेही पाहू. जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजानुसार १९९० मध्ये भारतात सीओपीडीचे २.८१ कोटी रुग्ण होते, २०१६ मध्ये ५.५३ कोटी झाले. त्याच अभ्यासात या आजारामुळे वाया गेलेल्या आयुष्याचा हिशेब कारणांनुसार मांडला आहे. घरातल्या आणि बाहेरच्या प्रदूषित हवेचा वाटा ५३.७ टक्के, तंबाखूचा २५.४ टक्के, धुराधुळीच्या कामाचा १६.५ टक्के. विडी-सिगारेट दुसऱ्या नंबरावर आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधलं होतं. तरीही कुठल्याही दवाखान्यात खोकणाऱ्या बाईला पहिला प्रश्न तंबाखूचाच येतो. ती नाही म्हणाली की विषय संपतो.

सीबॅकमधला तंबाखूचा प्रश्न तर नागपुरात हमखास फसणारा आहे. धूम्रपान करता का किंवा गुटखा-खैनीसारखं काही खाता का, हे एकाच प्रश्नात, एकाच रकान्यात विचारलेलं आहे. तोंडाच्या कॅन्सरसाठी ठीक आहे. पण खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणाच्या, या शहरात तो रकाना पानठेल्यावरच्या अर्ध्या पोरांसाठी ‘रोज’ असा भरला जाणार, आणि फुप्फुसाच्या दृष्टीने त्यातून काहीच कळणार नाही. खर्रा घोटणारा पस्तिशीतला पोरगा आणि चाळीस वर्षं विडी ओढलेले आजोबा तंबाखूच्या रकान्यात एकाच ओळीत बसतात. जबड्यासाठी आणि छातीसाठी वेगवेगळं विचारायला हवं, एवढी साधी गोष्ट.

कामधंद्याच्या प्रश्नाचंही तेच. वीटभट्टी आणि काचकारखाना ही उदाहरणं देशभरासाठी असतील. नागपूर जिल्ह्याला त्याची स्वतःची यादी हवी. कामठी, उमरेड, सावनेरच्या कोळसा खाणी, मनसर-कांद्रीकडच्या मॅंगनीजच्या खाणी, गिट्टीचे क्रशर, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख, भांडेवाडीच्या कचरा डेपोत उन्हाळ्यात पेटणारा कचरा, आणि भिवापूरकडे दिवसभर मिरचीचे देठ तोडत बसलेल्या बाया. त्या बायांचा खोकला मिरचीचाच, असं त्या स्वतः, त्यांचा मालक आणि बहुधा डॉक्टरही धरून चालतात. तो मिरचीचाच आहे की घरच्या चुलीचा, की दोन्हींचा, हे तपासायला कुणी बसत नाही.

शिवाय काम आजचं विचारलं जातं, फुप्फुसात जमा असतं ते मागचं. एम्प्रेस मिल ही कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, सव्वाशे वर्षं चालली, आज त्या जागेवर मॉल आहे. कापसाच्या धुळीत उमेदीची वर्षं काढलेला माणूस मिल गेल्यावर कुठल्याशा अपार्टमेंटचा चौकीदार झाला. फॉर्मवर त्याचं काम ‘चौकीदार’. धूळ नाही, धूर नाही, गोल नाही.

आता लक्षणांचा प्रश्न. हा सगळ्यांत सरळ वाटतो आणि सगळ्यांत जास्त फसवतो. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत फॉर्म भरताना मी ऐकलेलं संभाषण साधारण असं होतं:

‘काकू, चालताना दम लागते का?’

‘नाही जी. दम कायचा?’

‘खोकला?’

‘हिवाळ्यात राह्यते थोडासा. सगळ्यायलेच राह्यते.’

आशाताईंनी दोन्हीकडे ‘नाही’वर खूण केली. नियमाने बरोबरच होतं. मग जाता जाता त्यांनी सहज विचारलं, नळावरून पाणी कोण आणते? ‘आता सून आणते. माह्याच्यानं पाण्याचा गुंड नाही उचलत.’ आणि माडीवर? माडीवर त्या दिवाळीपासून गेल्याच नव्हत्या. कपडे वाळत घालायचं कामही सुनेकडेच गेलेलं.

म्हणजे दम लागत नव्हता हे खरंच. दम लागेल असं काही त्या करतच नव्हत्या. सीओपीडीचा रुग्ण असाच वागतो: जिना सोडतो, बाजार सोडतो, लग्नाला जाणं टाळतो, आणि प्रत्येक वेळी कारण गुडघ्यांचं किंवा वयाचं सांगतो. म्हणून ‘धाप लागते का’ यापेक्षा ‘दोन वर्षांपूर्वी जे करत होता आणि आता सोडलं, असं काय आहे’ हे विचारलं तर जास्त हाती लागतं. ते आशाताईंना छापील फॉर्मशिवायच सुचलं. एका फॉर्ममागे त्यांना दहा रुपये मिळतात. या जादा प्रश्नाचे वेगळे कुणी देत नाही, आणि त्याचं उत्तर लिहायला फॉर्मवर जागाही नाही.

प्रश्न सुधारून घेतले तरी प्रश्नावली ती प्रश्नावलीच. अमेरिकेत ‘कॅप्चर’ नावाची पाच प्रश्नांची पद्धत तयार झाली. मधल्या गुणांवर अडकलेल्यांना त्यात एक सोपी फुंकही मारायला लावतात. २०२३ मध्ये तिची चार हजारांहून जास्त रुग्णांवर तपासणी झाली. ज्यांना उपचार लागावा इतका आजार खरोखर होता, त्यांच्यातले ४८ टक्केच तिने पकडले. ज्यांना तसा आजार नव्हता त्यांच्यातल्या साधारण ८९ टक्क्यांना तिने बरोबर सोडून दिलं. हेच प्रमाण आपल्याकडे लावून बघा, निव्वळ हिशेबापुरतं. एका वस्तीत चाळिशीपुढची हजार माणसं आहेत आणि त्यांतल्या ८० जणांना आजार आहे असं धरू. प्रश्नावली ३८-३९ जणांना पकडेल, ४१-४२ जणांना ‘तुम्ही ठीक आहात’ म्हणून घरी पाठवेल. आणि आजार नसलेल्या ९२० मधल्या शंभरेक जणांवर शिक्का मारेल. म्हणजे ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यांतल्या दर चार जणांत तिघांना आजार नाही.

या शंभर माणसांना फुंकायला बसवलं तर काही बिघडत नाही. त्यांचा पाऊण तास जाईल, बास. पण यंत्र नसेल तर? मग एक तर सगळ्यांना पंप लिहून दिला जाईल किंवा कुणालाच नाही. दोन्ही आपल्याकडे चालतं. गल्लीतल्या दवाखान्यात धाप म्हटली की गोळी आणि वरून स्टेरॉइड. सरकारी दवाखान्यात धाप म्हटली की मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जा. मेडिकलला जायचं म्हणजे रोजी बुडवून सकाळी चिठ्ठीच्या रांगेत उभं राहायचं, आणि स्पायरोमेट्रीची तारीख दुसऱ्याच दिवसाची मिळाली तर आणखी एक रोजी. त्यापेक्षा घरी खोकत बसणं परवडतं, हा गरिबाचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती गटाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये सांगितलं की लक्षणं नसलेल्या प्रौढांची सीओपीडीसाठी चाचणी करू नका, त्यातून फायदा होत नाही. मग इथे कशाला हा खटाटोप? या सल्ल्यातला ‘लक्षणं नसलेल्या’ हा भाग वाचताना गाळला जातो. मी ज्यांच्याविषयी बोलतोय त्यांना लक्षणं आहेत. त्यांनी ती सांगितलेली नाहीत किंवा सांगितली तरी कुणी नाव दिलेलं नाही. नेपाळमधलं भक्तपूर, युगांडातलं नाकासेके आणि पेरूची राजधानी लिमा इथे दहा हजारांवर चाळिशीपुढच्या लोकांना फुंकायला लावून २०२२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. भक्तपुरात १८ टक्क्यांना सीओपीडी निघाला, लिमात तीन टक्क्यांहूनही कमी. पण तिन्ही ठिकाणचे मिळून ज्यांना निघाला त्यांच्यातल्या ९५ टक्क्यांना तोवर निदानच मिळालेलं नव्हतं. भक्तपूरचा आकडा मला जास्त आपला वाटतो. चूल, धूळ, हिवाळ्यात दाटून राहणारी हवा, सगळं ओळखीचं आहे.

आणि शोधून काढल्याने फायदा होतो का? याचं उत्तर २०२४ मध्ये कॅनडातून आलं. तिथे ३८ हजारांवर लोकांना फोन करून श्वासाच्या तक्रारी विचारल्या, मग प्रश्नावली लावली, मग स्पायरोमेट्री केली. निदान न झालेला दमा किंवा सीओपीडी असलेले ५९५ जण सापडले. त्यांतल्या ५०८ जणांचे दोन गट केले. एका गटाला छातीच्या तज्ज्ञांकडे उपचार दिले, दुसरा गट नेहमीच्या डॉक्टरकडे. वर्षभरात पहिल्या गटाला श्वासाच्या तक्रारीसाठी दवाखान्यात धावावं लागण्याचं प्रमाण दुसऱ्यापेक्षा निम्म्याहून थोडं कमी राहिलं. लक्षात घ्या, फोनवरचा प्रश्न ही तिथे पहिली पायरी होती. त्याच्या मागे यंत्र होतं, यंत्राच्या मागे डॉक्टर होता, डॉक्टरच्या मागे औषध होतं. आपण त्या जिन्याची पहिली पायरी तेवढी बांधतो.

मग नागपुरात सुरुवात कुठून करावी? दारोदार जाऊन नाही, निदान आधी तरी नाही. जी माणसं खोकला घेऊन स्वतःहून दवाखान्यात आलेली आहेत, त्यांच्यापासून करावी. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत, ‘आपला दवाखाना’ नावाच्या सरकारी दवाखान्यांत रांगेत बसलेल्या चाळिशीपुढच्या माणसाला नर्सने पाच प्रश्न विचारावेत. दर हिवाळ्यात खोकला राहतो का, काय करणं सोडलं, चुलीवर किंवा शेगडीवर किती वर्षं काढली, आधी कुठे काम केलं, पूर्वी टीबी झाला होता का. त्याच जागी पीक फ्लो मीटरमध्ये फुंक मारून घ्यावी. हे प्लॅस्टिकचं नळीसारखं साधन काही शे रुपयांत मिळतं, वीज लागत नाही. यात जो अडला तो स्पायरोमेट्रीला.

टीबीचा प्रश्न मी मुद्दाम घातला. सीबॅकमध्येही तो आहे, पण क्षयाच्या शोधासाठी. बरा झालेला क्षय फुप्फुसात व्रण ठेवून जातो आणि पुढे हवा अडवतो, हे धागे जुळवले जात नाहीत. या भागाला क्षय नवा नाही. कामठीच्या विडी कामगारांना संघटित करणारे, ‘जय भीम’ रूढ करणारे बाबू हरदास १९३९ मध्ये क्षयानेच गेले, जेमतेम पस्तिशीत. आज औषधं आहेत, माणूस वाचतो, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला की त्याची फाइल बंद होते. त्यानंतरची धाप कुणाच्याच खात्यात येत नाही.

आणि याहून मोठा गट आहे तो ज्यांना टीबी निघतच नाही त्यांचा. दोन आठवड्यांचा खोकला म्हणून माणूस येतो, थुंकी तपासतात, फोटो काढतात, ‘काही नाही, टीबी नाही’ म्हणून आनंदाने घरी पाठवतात. माणूसही आनंदाने जातो, कारण त्याला भीती टीबीचीच होती. पण तो खोकत होता ना? त्याचा खोकला कशाचा, हे कुणी विचारायचं? टीबीच्या कार्यक्रमाने ज्याला ‘निगेटिव्ह’ म्हणून सोडलं, तो माणूस फुंकायच्या खुर्चीवर बसवायला सगळ्यांत योग्य. टीबी नाही हे आधीच पाहिलेलं असल्याने यंत्रातून संसर्ग पसरायची धास्तीही कमी. क्षयरोग विभागाकडे या माणसांची नावं, पत्ते, फोन नंबर असतात. नवी मोहीम नको, नवं ॲप तर मुळीच नको. यादी शेजारच्या खोलीत पाठवायची आहे.

दारोदार जायचंच तर कोराडी, खापरखेडा, खाणींच्या आसपासची गावं, भांडेवाडीच्या भोवतालच्या वस्त्या इथे जावं, आणि यंत्र सोबत घेऊन जावं. २०२३ मध्ये कोराडीला आणखी दोन ६६० मेगावॅटच्या संचांसाठी जनसुनावणी झाली. अशा सुनावणीत उभं राहून ‘राखेने आमची छाती भरली’ म्हणणाऱ्या माणसाचं बोलणं भावनिक ठरवणं सोपं असतं. त्याच्या हातात गावातल्या माणसांच्या फुंकीचे दरवर्षीचे आकडे असले तर ते तितकं सोपं राहत नाही. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरीसारखी संस्था याच शहरात आहे. हवेत काय आहे ते मोजण्याची परंपरा आपल्याकडे आहे, ती हवा घेणाऱ्या छातीत काय झालं तेही शेजारीच मोजलं जावं.

पंपाबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण सगळं तिथेच अडणार आहे. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटची पायरी, मुलीचं लग्न व्हायचंय तेव्हा तिला पंप नको, हे सगळं घरोघरी चालतं. गोळी मात्र चालते. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत ओढायची औषधं आहेत; यादीतलं औषध दवाखान्याच्या खिडकीवर महिन्याच्या महिन्याला मिळायला हवं, एकदा देऊन ‘पुढचा बाहेरून घ्या’ म्हणून नाही. आणि पंप हातात देऊन भागत नाही, ओढायचा कसा ते दाखवावं लागतं, पुढच्या वेळी त्याच्याकडून करून घ्यावं लागतं. पाच मिनिटांचं काम आहे. ते कुणाचं, हे ठरलेलं नसतं म्हणून होत नाही.

पैशाचं म्हणाल तर महापालिकेचे दहा झोन आहेत. झोनमागे एक स्पायरोमीटर आणि एक शिकवलेली नर्स, इतकं सुरुवातीला पुरे. प्रत्येक केंद्रातला संशयित त्या झोनच्या एका ठरलेल्या वारी तिथे जाईल, शक्यतो संध्याकाळी, म्हणजे रोजी बुडणार नाही. शिकवायला मेडिकल, मेयो आणि एम्स या सरकारी रुग्णालयांचे श्वसनरोग विभाग शहरातच आहेत. दहा यंत्रांची किंमत महापालिकेच्या अर्थसंकल्पात शोधायला भिंग लागेल. फक्त यंत्रं घेताना पुठ्ठ्याच्या नळ्यांची, फिल्टरची आणि दुरुस्तीची वर्षभराची तरतूद त्याच फाइलमध्ये घालून ठेवावी. नाहीतर पहिला बॉक्स संपला की यंत्र कपाटात जातं आणि नर्सच्या हाती पुन्हा फॉर्म तेवढा उरतो.